यवतमाळच्या सातबाऱ्यावर बाईचं नाव येतं, त्यामागे बाबासाहेबांचं अडवलेलं बिल आहे

यवतमाळ जिल्ह्यातलं कुठलंही गाव घ्या. राळेगाव, घाटंजी, मारेगाव, दिग्रस, तालुका कुठलाही असो. कापूस पिकवणारा घरातला कर्ता माणूस जातो. तेरवी होते, पाहुणे परततात, आणि मग भासरे-दीर, सासरा आणि गावातले चार जाणते लोक बसून एक विषय काढतात : वावर आता कोणाच्या नावावर करायचं?

अशा बैठकीत बहुतेक वेळा एक वाक्य येतंच. "पोराचं नाव लावू, बाईचं कशाला?"

कायदा याच्या नेमका उलट सांगतो. बाईचं नाव लावायचं की नाही हा प्रश्न बैठकीत ठरवायचा नाहीच. नवरा गेला त्या क्षणी तिचा हिस्सा तिचा झालेला असतो, आणि तोही पोटापुरता नाही, पूर्ण मालकीचा. हे आज इतकं साधं वाटतं, पण ९० वर्षांपूर्वी याच वऱ्हाडात असं म्हणणारा माणूस कोर्टात हरला असता. मधल्या काळात जे बदललं त्यात एका कायदेपंडिताचा वाटा फार मोठा आहे, ते म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गंमत अशी, की त्यांनी आणलेलं हिंदू कोड बिल संसदेत मंजूर झालंच नाही. त्यातला काही भाग पुढे दुसऱ्यांनी मंजूर केला, आणि एक महत्त्वाचा भाग गाळला. गाळलेल्या त्या भागाची किंमत बायका पुढची ५० वर्षं मोजत होत्या.

आधी जुना हिशोब

बंगाल आणि आसाम सोडला तर भारतात बहुतेक ठिकाणी हिंदूंच्या मालमत्तेला मिताक्षरेचा कायदा लागू होता. मिताक्षरा ही याज्ञवल्क्य स्मृतीवरची टीका. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने ती लिहिली. इंग्रजांच्या कोर्टांनी तिलाच कायद्याचं पुस्तक मानलं, आणि न्यायाधीशांच्या निकालांनी ती आणखी घट्ट झाली.

मिताक्षरेचा गाभा असा : वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाला जन्मतःच हक्क. बाप, मुलगा, नातू हे सगळे एकत्र मालक, यांना सहदायिक म्हणतात. त्यातला एक गेला तर त्याचा हिस्सा त्याच्या बायको-मुलीकडे जात नाही. तो उरलेल्या पुरुषांमध्ये मुरतो. विहिरीतून एक बादली काढावी आणि पाणी लगेच सारखं व्हावं, तसं. बाईला काय? अन्न, वस्त्र आणि राहायला जागा.

एकत्र कुटुंब फुटलेलं असेल आणि माणूस मुलगा नसताना गेला, तर विधवेला जमीन मिळायची. पण तीही 'मर्यादित मालकी'ची. म्हणजे पीक तिचं, उत्पन्न तिचं, पण विकायचा अधिकार नाही. अगदी गरज असेल, म्हणजे कायद्याला पटेल अशी गरज असेल, तरच विक्री चालायची. ती गेली की जमीन तिच्या माहेरी किंवा तिला हव्या त्या माणसाकडे जात नसे. ती परत नवऱ्याच्या वारसांकडे. विधवेनं एखादं वावर विकलं, आणि ती मेल्यावर कोण कुठला चुलत पुतण्या उभा राहून "ती विक्री बेकायदा" असं म्हणत दावा लावतो, असे खटले त्या काळच्या निकालांच्या खंडांमध्ये ढिगानं सापडतात. विधवेकडून जमीन घ्यायला गिऱ्हाईक धजत नसे, आणि घेतलीच तर भाव पाडून.

१९३७ साली मुंबईचे डॉ. जी. व्ही. देशमुख यांच्या प्रयत्नाने पहिला बदल झाला. हिंदू स्त्रियांचा मालमत्तेवरील हक्क हा कायदा आला आणि एकत्र कुटुंबातही नवऱ्याचा हिस्सा विधवेकडे आला. मालकी मात्र मर्यादितच राहिली, आणि मुलींना काहीच नाही. त्यातही एक खोच निघाली. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने शेतजमिनीचा वारसा हा प्रांतांचा विषय केला होता. त्यामुळे १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने सांगितलं, की केंद्राचा हा कायदा शेतजमिनीला लागूच नाही. ज्या जिल्ह्यात मालमत्ता म्हणजे वावरच, तिथल्या बाईच्या हातात राहिलं काय? मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकारने १९४२ मध्ये वेगळा कायदा करून तो शेतजमिनीला लावला. यवतमाळ तेव्हा त्याच प्रांतात होतं.

राव समिती आणि पुण्याचे घारपुरे

अशा तुकड्या-तुकड्यांच्या दुरुस्त्यांनी गोंधळ वाढतोय हे दिसल्यावर १९४१ साली सर बेनेगल नरसिंग राव यांच्या अध्यक्षतेखाली हिंदू लॉ कमिटी नेमली गेली. त्यात पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य ज. र. घारपुरे होते. घारपुऱ्यांनी मिताक्षरेसह धर्मशास्त्राचे ग्रंथ संपादित आणि भाषांतरित केलेले, म्हणजे 'शास्त्र माहीत नसलेले सुधारक' हा शिक्का त्यांच्यावर मारता येण्यासारखा नव्हता. समिती १९४४ मध्ये पुन्हा उभी केली गेली, देशभर फिरली, साक्षी घेतल्या, आणि १९४७ मध्ये अहवाल दिला.

हे सांगणं गरजेचं आहे, कारण सोशल मीडियावर कधी "हिंदू कोड बिल बाबासाहेबांनी एकट्यानं लिहिलं" असं फिरतं, तर कधी "त्यांचा संबंधच काय, ते तर रावांचं" असंही. दोन्ही अर्धवट. जन्मसिद्ध हक्काची पद्धत संपवायची आणि विधवेला पूर्ण मालकी द्यायची, हा विचार राव समितीच्या मसुद्यात होता. बाबासाहेबांचं काम त्यानंतर सुरू झालं.

एप्रिल १९४८ मध्ये बिल प्रवर समितीकडे गेलं आणि कायदामंत्री म्हणून बाबासाहेब त्या समितीचे अध्यक्ष झाले. कायदा मंत्रालयाने मसुदा नव्याने मांडला. सगळ्यात मोठा बदल मुलीच्या हिश्शात झाला. राव समितीने मुलीला मुलाच्या निम्मं दिलं होतं. प्रवर समितीने ते मुलाइतकंच केलं.

सभागृहात बाबासाहेबांनी ज्या पद्धतीने बाजू मांडली ती वकिली डोक्याची होती. परदेशात काय चालतं हे सांगत बसण्यापेक्षा त्यांनी हिंदू कायद्याच्या आतलीच उदाहरणं काढली. बंगालमध्ये जीमूतवाहनाचा दायभाग चालतो, तिथे बापाच्या हयातीत मुलाला जन्मतः हक्क नाही, माणूस आपल्या हिश्शाचा स्वतंत्र मालक असतो. मग दायभागवाले हिंदू नाहीत का? मुंबई शाखेत बापाकडून मुलीला आलेली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची मानली जात होती. म्हणजे 'बाईला पूर्ण मालकी' ही कल्पना हिंदू कायद्याला परकी नव्हती, ती फक्त काही बायकांना, काही प्रांतांत मिळत होती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की शाखांमधलं जे चांगलं आहे ते सगळ्यांना लावा.

बिलात आणखीही बरंच होतं. एकपत्नीत्व, घटस्फोटाचा अधिकार, आंतरजातीय विवाहाला पूर्ण मान्यता, दत्तकाचे नियम, आणि हुंडा म्हणून दिलेली मालमत्ता मुलीच्याच मालकीची धरण्याची तरतूद. गदारोळ घटस्फोटावर जास्त झाला. पण जमीनदार घरांच्या पोटात गोळा आला तो मुलीच्या हिश्शानं, हे त्या चर्चा वाचताना लपत नाही. "शेताचे तुकडे होतील", "जावई येऊन बसेल", "भाऊ-बहिणीत वैर येईल", हे सगळे युक्तिवाद तेव्हाही होते. आज गावच्या पारावर ऐकू येतात तेच.

चार कलमं आणि राजीनामा

फेब्रुवारी १९४९ मध्ये बिल चर्चेला आलं. विरोध सभागृहात होता आणि रस्त्यावरही. स्वामी करपात्रींनी मोहीम उघडली. राजेंद्र प्रसादांचा आक्षेप होता, श्यामाप्रसाद मुखर्जींचा होता. काँग्रेसमध्येच मोठा गट नाखूश होता. बाजूने बोलणाऱ्यांत दुर्गाबाई, रेणुका राय, हंसा मेहता यांच्यासारख्या स्त्री सदस्य होत्या, आणि पुण्याचे काकासाहेब गाडगीळही.

चर्चा लांबली. १९५० जवळपास तसंच गेलं. सप्टेंबर १९५१ मध्ये बिल परत आलं तेव्हा पहिली लोकसभा निवडणूक तोंडावर होती. आधी ठरलं की फक्त विवाह आणि घटस्फोटाचा भाग घेऊ. तेही जमेना. चार कलमं मंजूर झाली आणि बिल बाजूला पडलं. वारसाहक्काच्या प्रकरणापर्यंत चर्चा पोहोचलीच नाही.

२७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. कारणं एकापेक्षा जास्त होती, पण हिंदू कोड बिल त्यातलं शेवटचं आणि निर्णायक. १० ऑक्टोबरला सभागृहात निवेदन करायचं तर उपसभापतींनी त्याची प्रत आधी मागितली. बाबासाहेब बाहेर पडले आणि निवेदन वर्तमानपत्रांकडे दिलं. त्यात त्यांनी म्हटलं, की वर्गा-वर्गातली आणि स्त्री-पुरुषातली विषमता तशीच ठेवून आर्थिक प्रश्नांचे कायदे करत राहणं म्हणजे संविधानाची थट्टा आहे.

निवडणुकीनंतर नेहरूंनी बिलाचे चार तुकडे केले आणि एकेक मंजूर करून घेतला. १९५५ मध्ये विवाह कायदा, १९५६ मध्ये वारसा, अज्ञानत्व-पालकत्व आणि दत्तक-पोटगीचे कायदे. वारसा कायदा लोकसभेत चालवला तो हरि विनायक पाटसकरांनी, म्हणजे पुन्हा एका मराठी वकिलानं. १७ जून १९५६ ला हिंदू वारसा अधिनियम लागू झाला. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत बाबासाहेब गेले.

या कायद्याचं कलम १४ हे विधवेच्या दृष्टीने सोनं आहे. हिंदू स्त्रीच्या ताब्यात असलेली मालमत्ता, ती १९५६ च्या आधी मिळालेली असो की नंतर, तिच्या पूर्ण मालकीची. म्हणजे कालपर्यंत जी विधवा मर्यादित मालक होती ती एका रात्रीत खरी मालक झाली. विकू शकते, मृत्युपत्र करू शकते, लेकीला देऊ शकते. चुलत पुतण्याचा दावा संपला. इथे बाबासाहेबांचं बिल जिवंत राहिलं.

पण सहदायिकी ठेवली. बिलातला मूळ खांब, म्हणजे मुलाचा जन्मसिद्ध हक्क संपवणं, तोच काढून टाकला गेला. कलम ६ मध्ये मधला मार्ग काढला : सहदायिक मेला आणि त्याच्या मागे बायको-मुलगी अशी स्त्री वारस असेल, तर तो मरण्याच्या क्षणभर आधी वाटणी झाली असं समजायचं. त्या कागदावरच्या वाटणीत त्याच्या वाट्याला जे येईल तेवढंच वारसांत वाटायचं.

नऊ एकरांचा हिशोब

हे सगळं डोक्यावरून जात असेल तर नऊ एकर वडिलोपार्जित वावर धरू. शेतकरी गेला. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी. मृत्युपत्र नाही, आई-वडील आधीच वारलेले.

१९३७ च्या आधी : मुलाला नऊच्या नऊ. बायकोला जेवण-कपडा, मुलीला लग्नाचा खर्च.

१९३७ चा कायदा, वऱ्हाडात शेतीला १९४२ पासून : बायकोला साडेचार एकर, पण मर्यादित मालकीने. मुलाला साडेचार. मुलीला शून्य.

१९५६ चा कायदा : आधी कागदावरची वाटणी. महाराष्ट्रात बाप-मुलात वाटणी झाली की बायकोलाही एक हिस्सा मिळतो, त्यामुळे तीन-तीन-तीन. आता मेलेल्या बापाचे तीन एकर तिघा वारसांत एकेक. बायको चार, मुलगा चार, मुलगी एक. याच पद्धतीने हिशोब करायचा हे सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये हिराबाई मगदूम यांच्या खटल्यात पक्कं केलं. तोवर कित्येक घरांत बायकोला कागदावरच्या वाटणीतला हिस्सा धरलाच जात नव्हता.

आणि बाबासाहेबांचा मसुदा मंजूर झाला असता तर? मुलाचा जन्मसिद्ध हक्क नाही, जमीन बापाची, बाप गेला की बायको, मुलगा, मुलगी समान वारस. प्रत्येकी तीन एकर.

आता शेवटचा टप्पा. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला मुलासारखंच जन्मतः सहदायिक केलं, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर तेच केलं, लग्नाची अट न ठेवता. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने खुलासा केला, की २००५ मध्ये बाप जिवंत असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत किंवा कोर्टातून झालेली वाटणी मात्र मोडायची नाही. हा कायदा आपल्या नऊ एकरांना लावा : कागदावरच्या वाटणीत बाप, आई, मुलगा, मुलगी प्रत्येकी सव्वादोन. बापाचे सव्वादोन तिघांत पाऊण-पाऊण. सव्वादोन अधिक पाऊण म्हणजे तीन. तिघांना तीन-तीन एकर.

१९५१ मध्ये जो आकडा सरळ येत होता तोच आकडा ५४ वर्षांनी, वळसा घालून, आला. या काळात यवतमाळच्या किती लेकी एका एकरावर, किंवा त्याचंही हक्कसोड पत्र करून रिकाम्या हाताने बसल्या असतील, त्याची मोजदाद कोणी केलेली नाही. केरळने मात्र थांबायचं नाकारलं. १९७५ चा कायदा करून तिथे एकत्र कुटुंबाची मालकीच रद्द झाली, म्हणजे राव-आंबेडकरांचा मूळ मार्ग.

वर दिलेला हिशोब सोपा करून मांडला आहे. मयताची आई जिवंत असेल तर तीही वारस असते आणि आकडे बदलतात. आणि हा कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे. म्हणजे ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांची शेतीही याच नियमाने वाटली जाते.

सासऱ्याच्या नावचा सातबारा

यवतमाळमध्ये खरी अडचण बहुतेकदा वेगळ्याच ठिकाणी असते. तरुण शेतकरी आत्महत्या करतो तेव्हा सातबारा त्याच्या नावावर नसतोच. वावर त्याने कसलेलं, कर्ज त्याने काढलेलं, पण नाव बापाचं. मग त्याच्या बायकोनं कशावर नाव लावायचं?

जमीन खरंच वडिलोपार्जित असेल तर नवऱ्याचा तिच्यात जन्मतः हिस्सा होता, आणि तो त्याच्या वारसांकडे, म्हणजे तिच्याकडे आणि मुलांकडे येतो. सासऱ्याने स्वतः घेतलेली जमीन असेल तर सासरा जिवंत असेपर्यंत तिचा हक्क नाही. तो मृत्युपत्र न करता गेला, तर आधी वारलेल्या मुलाची विधवा म्हणून ती पहिल्या वर्गातली वारस ठरते, पण त्याने मृत्युपत्राने सगळं धाकट्याला दिलं तर हात रिकामे. पोटगीचा दावा तेवढा राहतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. बाबासाहेबांच्या मसुद्याने या सुनेचं भलं झालं असतं असं नाही. जन्मसिद्ध हक्क गेला असता तर सासऱ्याच्या हयातीत नवऱ्याचा हिस्साच उरला नसता. जी सहदायिकी लेकीला अडवत होती तीच काही वेळा सुनेला आधार देते. लेक आणि सून या दोघींचं हित कायद्यात नेहमी एकाच बाजूला उभं नसतं, आणि घरातही नसतं.

आत्महत्याग्रस्त कुटुंबांच्या बाबतीत हे केवढं मोठं आहे त्याचा अंदाज महिला किसान अधिकार मंच, म्हणजे मकाम, यांनी २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या ५०५ महिलांच्या केलेल्या पाहणीवरून येतो. त्यातल्या ४० टक्के बायकांना, त्या ज्या शेतात राबत होत्या त्याच्यावर हक्क मिळालेला नव्हता. त्यानंतर जून २०१९ मध्ये राज्य सरकारने या महिलांच्या प्रश्नांवर शासन निर्णय काढला. त्याआधी १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती अभियानात शेतकऱ्यांना जिवंतपणीच काही जमीन बायकोच्या नावे करायला लावली होती. नवरा जिवंत असताना नाव लागलं की तेरवीनंतरची बैठकच टळते, हा त्यातला व्यवहारी शहाणपणा.

आणि कोलाम, गोंड, परधान, आंध?

आता असा मुद्दा, जो हिंदू कोड बिलाच्या बहुतेक लेखांत येत नाही. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या भागात आदिवासी लोकसंख्या मोठी. वारसा अधिनियमाचं कलम २ चं दुसरं पोटकलम सांगतं, की केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे वर केलेला तीन-तीन एकरांचा सगळा हिशोब कोलाम किंवा गोंड बाईला आपोआप मिळत नाही. तिच्यासाठी जमातीची रूढी. (बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत येतो, अनुसूचित जमातीत नाही, त्यामुळे पुसद-दिग्रसकडच्या हिंदू बंजारा कुटुंबांना हा कायदा लागू आहे.)

डिसेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राला ही तरतूद बदलण्याचा विचार करा असं सुचवलं. १७ जुलै २०२५ ला छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात कोर्ट आणखी पुढे गेलं. आईच्या बापाच्या जमिनीत तिच्या वारसांना समान वाटा दिला. बाईला वगळणारी रूढी आहे हे ज्याचं म्हणणं, त्यानं ती सिद्ध करावी, नाहीतर समानतेचा हक्क चालेल, असा त्याचा आशय. कोलामांच्या पोडांपर्यंत ही बातमी किती पोहोचली, हा वेगळा प्रश्न.

तलाठ्याकडे काय करायचं

कायदा बाईला मालक करतो, पण सातबाऱ्यावर नाव आपोआप चढत नाही. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे (आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी) अर्ज द्यायचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार वारसाहक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावं, वयं, पत्ते लागतात. ई-हक्क पोर्टलवरूनही अर्ज करता येतो.

अर्जात कोणाची नावं दिली आहेत ते बाईनं स्वतः वाचावं, वाचता येत नसेल तर विश्वासातल्या माणसाकडून वाचून घ्यावं. 'वारस फक्त मुलगा' असं लिहून आलं तर तिथेच हरकत घ्यायची. फेरफाराची नोंद झाली की नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत आली की प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं. मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केलेली नोंद चुकीची वाटली तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही, त्यामुळे नाव लागलं नाही म्हणजे हक्क गेला असंही नाही. मालकीचा खरा वाद दिवाणी कोर्टात सुटतो.

दोन गोष्टी गावात सर्रास सांगितल्या जातात आणि दोन्ही चुकीच्या आहेत. एक, "दुसरं लग्न केलंस तर जमीन परत." हे १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यात होतं, तो कायदा १९८३ मध्ये रद्द झाला. नवऱ्याच्या मृत्यूनंतर मिळालेला हिस्सा नंतरच्या लग्नाने जात नाही. दुसरी, "फक्त सही कर, नोंदीपुरती आहे." वारस नोंदीच्या अर्जाबरोबर कधी हक्कसोडाचा कागद सरकवला जातो. स्थावर मालमत्तेचं हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. त्यामुळे तलाठी कार्यालयाऐवजी कोणी तहसीलच्या गावी निबंधक कार्यालयात सहीला घेऊन जात असेल, तर सही करण्याआधी कागदावरचं वरचं नाव वाचायचं : वारस नोंद की हक्कसोड.